हाताचा विटाळ

गेल्या दिवाळीत धाराशिवात एका ओळखीच्या घरी फराळाला गेलो होतो. घर सुशिक्षित, माणसे अगत्यशील, चकल्या खुसखुशीत. दारात बाजारचा झगझगीत आकाशकंदील. बशी रिकामी होते न होते तोच घरातला नववीतला मुलगा माझ्या कानाशी लागला, "आजोबा, माझी पेटी बघायला येता?" त्याच्या मागोमाग गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत गेलो. जुन्या टेपरेकॉर्डरमधला स्पीकर काढून त्याने प्लायवुडच्या पेटीत बसवला होता. सांधे वाकडे, खिळे डोके वर काढून बसलेले, कोपऱ्यातून फेव्हिकॉल ओघळून वाळलेला. पण त्याने तारा जोडल्या आणि तबल्याचा डग्गा असा भरदार घुमला की मी खालचा फराळ विसरलो! तेवढ्यात वडील वर आले. मुलाच्या हातातली करवत त्यांनी काढून घेतली आणि मला म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच समजावा याला. एवढं शिकवून यानं सुतारकी करायची का?"

फराळाच्या घरी भांडू नये, म्हणून त्या दिवशी मी गप्प बसलो. ते राहिलेले भांडण आज इथे भांडतो.

'सुतारकी' हा शब्द त्या सद्गृहस्थांनी ज्या सुरात उच्चारला, तो सूर वाचकांच्याही परिचयाचा असेल. आपल्या पांढरपेशा घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुलगा तासन्‌तास मोबाइल कुरवाळत बसला, तर "काय करायचं, आजकालची मुलं!" एवढे म्हणून आपण सुस्कारा सोडतो. पण त्याने रंधा हातात घेतला की घराण्याच्या अब्रूचा प्रश्न उभा राहतो. आम्ही सोवळे सोडले, शेंडी सोडली, पंक्तीतले भेदही निदान तोंडाने तरी सोडले. हाताचा विटाळ मात्र अजून सोडला नाही. माझे भांडण आहे ते या विटाळाशी.

बरे, त्या पोराने केले तरी काय होते? स्पीकर नुसताच टेबलावर ठेवून वाजवून पाहा. आवाज चिरका येतो, खर्ज कोणी गिळून टाकल्यासारखा. त्याचे कारण असे की, स्पीकरचा पडदा पुढे सरकला म्हणजे पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना मारून टाकतात. मागची लाट कोंडून ठेवणे हे पेटीचे पहिले काम. आजच्या धाटणीचा स्पीकर राइस आणि केलॉग या दोन अमेरिकनांनी 1925 साली जगापुढे मांडला. 1954 साली एडगर व्हिल्चर याने घट्ट बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे कामाला जुंपले आणि लहानशा पेटीतून खर्ज काढून दाखवला. पेटीला मुद्दाम ठेवलेल्या भोकाचे गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थीलने 1961 साली मांडले. घागरीच्या तोंडावर फुंकर घातली की जो 'हूं' असा सूर निघतो, त्याच सुराला हे भोक राबवून घेते.

आमच्याकडे हे शास्त्र पुस्तकांतून आले नाही, मडक्यातून आले. टेपरेकॉर्डरच्या दिवसांत खेड्यापाड्यांतली पोरे स्पीकर माठाच्या तोंडावर बसवीत आणि शेजारच्या आळीला गाणी ऐकवीत. त्या पोरांनी ना राइस वाचला होता, ना केलॉग; पण माठाच्या गोल भिंती थरथरत नाहीत आणि म्हणून आवाज भरीव येतो, हे त्यांचे हात जाणत होते. आपण त्यांना 'रिकामटेकडी' म्हटले. एखाद्या साहेबाच्या देशात जन्मती, तर त्यांनाच आपण 'संशोधक' म्हटले असते!

माझे स्वतःचे शिक्षणही अशाच एका पेटीने केले. मी गणिताचा मास्तर. आठ इंची स्पीकरसाठी मला 30 लिटरची बंद पेटी हवी होती. 40 गुणिले 30 गुणिले 25 सेंटिमीटर म्हणजे बरोबर 30 लिटर. हिशेब फळ्यावर शोभावा असा चोख. त्या मापाने 18 मिलिमीटरचे प्लाय कापून आणले, पेटी जोडली, वाजवली. आवाज एकाच सुरावर भसाभसा घुमू लागला. काय चुकले, हे कळायला मला दोन दिवस लागले. मी धरलेली मापे बाहेरची होती आणि हवा राहते आत! दोन्ही बाजूंच्या फळ्यांची जाडी वजा जाता आत उरली जेमतेम साडेवीस लिटर. फळीच्या बोटभर जाडीने माझी एक-तृतीयांश हवा खाऊन टाकली होती. घनफळाचे हे गणित मी जन्मभर मुलांना शिकवले. मला ते कळले त्या दिवशी.

तरी शहाणपण अपुरेच होते. दुसरी पेटी नीट मापाने केली आणि कौतुकाने आमच्या गल्लीतल्या सुतारमामांना दाखवायला नेली. त्यांनी ती वाजवायलाच सांगितली नाही. बोटाच्या पेराने चारही अंगांवर टकटक केले, कान लावला आणि म्हणाले, "गुरुजी, ही पेटी नव्हं, ढोल झालाय." मग पाठ उघडून आतून दोन्ही कुशींच्या मध्ये एक दांडी ठोकली, तीही बरोबर मध्यावर नव्हे, जरा बाजूला. पुन्हा टकटक केले. आता 'ढब्' जाऊन 'टक्' आले. तंबोऱ्याचा भोपळा गायला पाहिजे; मिरजेच्या कारागिरांची सारी हयात तो गाता करण्यात जाते, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. स्पीकरच्या पेटीचा धर्म नेमका उलटा. तिने मुके राहिले पाहिजे. ती स्वतः गाऊ लागली की गवयाचा आवाज बुडालाच! हा फरक मला सुतारमामांच्या बोटाच्या पेराने शिकवला.

ही टकटक आमच्या मुलखाला नवी नाही. तेर हे गोरोबाकाकांचे गाव आमच्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापट्या मारल्या आणि कोणते मडके कच्चे आहे ते सांगितले, ही कथा आपण कीर्तनात डोलत ऐकतो. पण ऐकताना एक गोष्ट सोयिस्कर विसरतो. संतांची परीक्षा घेण्याचा अधिकार त्या दिवशी एका कुंभाराच्या हाताला मिळाला होता. आणि तो मिळाला होता तो हात जन्मभर मातीत घातल्यामुळे.

इथपर्यंत माझे म्हणणे वाचकांना गोड लागले असेल. आता कडू भाग.

सुतारमामांचा मुलगा बारावीला आहे. बाप त्याला रंध्याला हात लावू देत नाही. मी एकदा त्यांना ऐकवले, "मामा, एवढा हुन्नर तुमच्याबरोबरच जाणार का?" ते बराच वेळ पटाशीला धार लावीत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, आमच्या आज्यानं उभं साल गावाचं औत, तिफण नीट केली अन् सुगीत खळ्यावर जाऊन पसा पसरला. तुम्ही शौक म्हणून रंधा धरता. आम्हाला तो जल्माला आल्याबरोबर धराया लावला."

यावर मजपाशी उत्तर नव्हते. आजही त्यांचे चुकले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. बलुतेदारीचे गोडवे गाणाऱ्यांनी ते खळे एकदा डोळ्यांपुढे आणावे. काम हलके नव्हते. ते एका जातीच्या दावणीला बांधले आणि त्याचा मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवला, म्हणून ते हलके ठरले. ज्याच्या हाती विद्या होती त्याला मान नाही, आणि ज्याला मान होता त्याच्या हाती साधा खिळा सरळ बसत नाही, अशी ही आपली व्यवस्था. तिचे फळ आज पाहा. सुताराचा मुलगा रंधा टाकतो, कारण त्याला त्या खळ्यापासून दूर पळायचे आहे. आपला मुलगा रंधा उचलत नाही, कारण आपण उचलू देत नाही. दोन्ही घरांत हात रिकामेच! म्हणून सुतारमामांच्या मुलाने रंधा धरावा, असा उपदेश मी करणार नाही. मी उपदेश करीन तो त्या करवत हिसकावून घेणाऱ्या सद्गृहस्थांना. हुन्नराला जातीच्या दावणीतून सोडवायचे, तर तो सगळ्यांच्या घरी गेला पाहिजे. आणि जो पोटासाठी तो करतो, त्याच्या घामाचे दाम बिनघासाघीस दिले पाहिजेत. स्वतः चार फळ्या जोडून पाहिलेला माणूस सुताराशी मजुरीवरून हुज्जत घालत नाही, हा माझा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, "बाजारात हवे तसले स्पीकर तयार मिळतात. ही उरस्फोड कशाला?" कबूल. घरी केलेली पेटी स्वस्त पडते, अशी थाप मी मारणार नाही. प्लाय, स्क्रू, पॉलिश आणि बिघडवलेल्या फळ्या यांचा हिशेब मांडला, तर ती पुष्कळदा महागच पडते. पण घरची करंजी तरी हलवायाकडच्यापेक्षा स्वस्त पडते म्हणून का करता? विकत घेतलेला स्पीकर तुम्हाला आवाज देतो. केलेली पेटी तुम्हाला कान देते. ती करणारा मुलगा एकच गाणे पन्नास वेळा ऐकतो. कुठे घुमते, कुठे चिरकते, कुठून हवा सुटते, याचा उदबत्तीचा धूर सांध्याशी धरून शोध घेतो. गादीतला कापूस आत भरून पुन्हा ऐकतो. एवढे लक्ष देऊन आपण माणसांचे बोलणे तरी ऐकतो काय?

दुसरे कोणी म्हणेल, "बोट तुटले तर?" भीती रास्त आहे. विजेची करवत पोराच्या हाती देऊ नये. प्लायच्या दुकानात मापाने काप करून मिळतो. घासताना नाकाला फडके बांधावे. आणि पहिल्याच दिवशी स्पीकरच्या पेटीला हात घालू नये. आधी जेवायचा पाट करावा, मग पुस्तकांचे फडताळ, आणि गुण्याने काटकोन जमू लागला की पेटी. एक करवत, एक हातोडा, एक गुण्या, दोन शिकंजे आणि काचकागद, एवढ्यावर घरचा कारखाना सुरू होतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत मोठ्या आवाजाचा आहे. "स्पीकरच्या पेट्यांनीच तर गाव बहिरे केले! मिरवणुकीतल्या त्या डीजेच्या भिंती बघा." बघितल्या आहेत, छातीत धडधडल्याही आहेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. सवलतीचे मोजके दिवस सोडता रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. नियम कागदावर आणि भिंत चौकात! पण त्या भिंतींतल्या पुष्कळ पेट्या आपल्याच गावोगावची तरुण पोरे हाताने बांधतात. कोणत्या पेटीला केवढे भोक आणि कोणत्या फळीला कुठे आडवी दांडी, हे त्यांना पदवीधरांहून अधिक कळते. त्या पोरांना शिव्या देण्यापूर्वी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा. त्यांच्याकडे जाऊन "मला मन्सूर ऐकायचे आहेत, त्यासाठी एक शांत पेटी कर" असे आपल्यापैकी किती जणांनी सांगितले? त्यांच्या हुन्नराला गिऱ्हाईक मिळाले ते फक्त गोंगाटाचे. जाणत्यांनी पाठ फिरवली की विद्या गोंगाटाच्याच घरी नांदायला जाते.

आणि शाळा? हातातून शिक्षण द्या, असे गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत सांगितले. आपण त्याला नमस्कार केला आणि ते कपाटात ठेवले. मग 'कार्यानुभव' आला; त्याचा अनुभव बहुधा आईबापांनाच आला, कारण वस्तू तेच करून देत, नाहीतर विकत आणून देत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्यांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या हाताखाली शिकावे, असे लिहिले आहे. अक्षरे सोन्याची आहेत. पण माझी एक मागणी आहे. ते दहा दिवस सुतारमामांना शाळेच्या व्हरांड्यात उभे करू नका. वर्गात खुर्ची द्या, मास्तरांना मिळतो तसा मेहनताना द्या आणि मुलांना त्यांना 'सर' म्हणायला लावा. बापाला वर्गात सर म्हणताना ऐकले, तर त्यांचा मुलगा कदाचित आपणहून रंधा उचलील. न उचलला तरी तो त्याच्या खुशीने टाकील, लाजेने नव्हे.

आता त्या करवत हिसकावून घेणाऱ्या माझ्या स्नेह्यांना दोन शब्द. साहेब, तुम्ही मला विचारलेत, "यानं सुतारकी करायची का?" माझे उत्तर घ्या: होय, करू द्या. पुढे तो डॉक्टर होवो की कारकून, आठवड्यातून दोन तास त्याला सुतारकी करू द्या. या दिवाळीत त्याला नवा मोबाइल घेऊ नका. अर्धा शीट प्लाय आणि एक चांगला गुण्या घेऊन द्या, आणि ती करवत परत द्या. मग संध्याकाळी पणत्या लावून झाल्या की त्याच्याबरोबर गच्चीवर जाऊन बसा आणि त्याची पेटी बोटाच्या पेराने वाजवून पाहा. ती कच्ची निघाली तर चिंता नको, आत एक दांडी ठोकली की झाले. कच्चे राहिलो आहोत ते आपण. आणि आपल्या डोक्यावर थापटी मारायला आज गोरोबाकाका हयात नाहीत.