शिकारी रायफल, तिचें काडतूस आणि पारोळ्याचें शेत

पारोळ्याच्या पेठेंत शिकारी रायफल घडवून घेण्याच्या गोष्टी करणारे हौशी गृहस्थ आहेत. त्यांत कापसाचे व्यापारी आहेत, बागाईतदार आहेत, आणि आमच्याच धंद्याचे वकीलहि आहेत. नळी कोणती, लांकूड कोणतें, काडतूस कोणतें, असा वाद एकदां रंगला म्हणजे समोरचा चहा निवून जातो. हौस वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या मुलखांत रानडुकरांच्या कळपानें मक्याचें उभें शेत एका रात्रींत आडवें होतें, आणि तें राखण्यासाठीं शेतकरी कुंपणाच्या तारेंत वीज सोडून बसतो, त्या मुलखांत हा विषय चहाबरोबर संपणारा नाहीं. म्हणून त्याची थोडी फोड करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रायफल ‘घडविणें’ म्हणजे काय तें पाहूं. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीचा सारा जीव तिच्या बोल्टांत असतो. दांडा उचलून मागें ओढला कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें. पुढें ढकलला कीं पेटींतलें नवें काडतूस कोठींत जाऊन बसतें. आणि दांडा खालीं दाबला कीं बोल्टाचे कान पोलादी खांचेंत अडकून कोठीचें दार बंद होतें. जर्मनींतील पॉल मौझर यांनीं १८९८ सालीं या रचनेस जें रूप दिलें, म्हणजे पुढें दोन कान व मागें सुरक्षेसाठीं तिसरा, त्याचीच घराणीं आजहि जगभर चालूं आहेत. हा कानांचा बंदोबस्त कशासाठीं, हें दाबाच्या आंकड्यावरून कळेल. थर्टी-नॉट-सिक्स नांवाचें प्रसिद्ध काडतूस उडतांना कोठींत दर चौरस इंचास सुमारें ६०,००० पौंड दाब उत्पन्न होतो. आपल्या नेहमींच्या बारा बोअरच्या बंदुकींतला दाब याच्या सुमारें पांचव्या हिश्शाचा. काडतुसाचें पितळ बोल्टाच्या तोंडाशीं नीट टेकलेलें असावें लागतें. तेथें इंचाच्या कांहीं हजारांश भागाइतकी फट जास्त राहिली तरी पितळ फाटतें आणि तापलेला वायु नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. यास्तव नळी बसविणें हें गांवच्या लेथवर उरकण्याचें काम नव्हे. कायदाहि तेंच सांगतो: १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणें शस्त्र तयार करणें, त्यांत बदल करणें, इतकेंच काय, धंदा म्हणून त्याची दुरुस्ती करणें, यांनाहि स्वतंत्र परवाना लागतो. ‘माझी बंदूक, मी वाटेल तें करीन’ हें म्हणणें कोर्टांत एक क्षणभरहि टिकणारें नाहीं.

मग हौशी माणसाच्या हातीं काय उरतें? बरेंच उरतें, आणि तें मुख्यत्वें लांकडाचें आहे. दस्ता ज्याचा त्याच्या अंगाला बसला पाहिजे. कोपराच्या बेचक्यापासून चापावरच्या बोटाच्या पेरापर्यंतची लांबी मोजून दस्त्याची लांबी ठरवितात; बंदूक खांद्याला लावतांच मान न वांकवितां डोळा माशीच्या रेषेंत आला पाहिजे. अक्रोडाचें लांकूड हलकें व चिवट म्हणून त्याला मान. आपली शिसव देखणी आणि टिकाऊ, पण वजनाला भारी. लांकडाचा उभा धागा दस्त्याच्या मानेंतून सरळ गेला नसेल तर पांच-पंचवीस बारांनंतर तेथेंच तडा जातो. बैलगाडीचीं चाकें घडविणाऱ्या जुन्या सुताराला ही गोष्ट कोणत्याहि पुस्तकावांचून ठाऊक असते. खानदेशांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. वैशाखांत येथें लांकूड वाळून कडकडीत होतें आणि श्रावणांत ओल धरून फुगतें. फुगलेलें लांकूड नळीस एका अंगानें दाबूं लागलें कीं उन्हाळ्यांत बरोबर जुळलेला नेम पावसाळ्यांत सरकतो. म्हणून जाणते कारागीर नळी आणि लांकूड यांमध्यें कागदाचा एक तुकडा आरपार सरकेल एवढी फट राखतात. हें कामसुद्धां परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावें.

काडतुसाची निवड मात्र आपल्या देशांत शिकाऱ्याच्या पसंतीवर कधींच सोडलेली नव्हती, आणि हा इतिहास आमच्या वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांनीं एकाच वर्षीं दोन कायदे केले: एक देशी भाषांतील वर्तमानपत्रांचें तोंड बांधणारा, दुसरा हिंदी माणसाचे हात बांधणारा. गोऱ्या लोकांना शस्त्र कायद्यांतून सूट होती. वर्तमानपत्रांचा कायदा रिपनसाहेबांच्या कारकीर्दींत गेला. शस्त्रांचा कायदा इंग्रज गेल्यावरहि बारा वर्षें कायम राहून १९५९ सालीं नव्या कायद्यास जागा देता झाला. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं सरकारनें ०.४५० इंची नळीच्या रायफलींना हिंदुस्थानांत बंदी केली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकींसाठीं त्या गोळ्या बंडखोरांच्या हातीं जातील अशी धास्ती. लंडनच्या बंदूकवाल्यांनीं लागलीच ०.४६५, ०.४७० अशीं जवळपासच्या मापांचीं काडतुसें बाजारांत आणलीं, आणि तींच पुढें ‘हत्ती-वाघांचीं अस्सल काडतुसें’ म्हणून प्रसिद्धि पावलीं. सैन्याची थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसास वर्ज्य. म्हणून इच्छापूरच्या सरकारी कारखान्यानें ली-एनफील्डचाच सांगाडा घेऊन त्यांत ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर काडतुसाची नळी बसविली. हीच आपल्याकडील ०.३१५ बोअरची रायफल. तिची गोळी सुमारें २४४ ग्रेनांची, जड आणि संथ. राज्यकर्त्यांच्या भीतीनें ठरलेलें हें माप स्वराज्य येऊन इतकीं वर्षें झालीं तरी हिंदी परवानाधारकाच्या खांद्यावर आहे! इच्छापुरांत पुढें थर्टी-नॉट-सिक्स रायफलहि होऊं लागली. खुद्द आपल्या जळगांव जिल्ह्यांत वरणगांवास १९६४ पासून काडतुसांचा मोठा कारखाना आहे. पण तेथील ७.६२ व ५.५६ मिलिमीटरचा माल सैन्यासाठीं, पारोळेकराच्या कपाटासाठीं नव्हे.

मोठें काडतूस म्हणजे मोठा शिकारी, हा समज तर अगदींच खोटा आहे. १९०७ सालीं चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना जी रायफल बक्षीस मिळाली ती ०.२७५ बोअरची, म्हणजे मौझरच्या ७ मिलिमीटर काडतुसाची होती. त्या वाघिणीनें ४३६ माणसें खाल्ल्याचें सांगतात. कॉर्बेट यांनीं पुढें अनेक वर्षें ती हलकी रायफल वापरली. ज्याला बाराचा धक्का सोसत नाहीं तो चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटतो, आणि मग गोळी कितीहि जड असली तरी ती जनावराच्या पोटांत किंवा पायांत जाते. घायाळ डुक्कर कपाशींत शिरलें म्हणजे दुसरे दिवशीं सकाळीं तें निंदणीस आलेल्या बायांच्या अंगावर येतें. काडतुसाची निवड ही दयेची आणि शेजाऱ्याच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे, ती अशी.

आतां खरा प्रश्न. ही रायफल घडवून मारावयाचें काय? आपल्या शेजारच्या धरणगांवास १८२५ सालीं भिल्ल पलटण उभारणारे औट्रम साहेब यांनीं दहाएक वर्षांत खानदेशांत सुमारें १९० वाघांची शिकार केली असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्याचें फळ आपण पाहतोंच: पारोळें-धरणगांवाकडे वाघाचें नांव उरलें नाहीं, जिल्ह्यांत असलाच तर तो मुक्ताईनगरकडे वढोद्याच्या रानांत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीस आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेच्या शिकारीचें दार पुरतें लागलें. हें योग्यच झालें. ज्यास नेमबाजीची आवड आहे त्यानें रायफल असोसिएशनच्या मैदानावर कागदाच्या चकतीवर ती भागवावी. तेथें अंगी येणारें कौशल्य कोणत्याहि मचाणावरच्या कौशल्याहून कमी नाहीं.

एक अपवाद कायद्यानें ठेविला आहे. मनुष्याच्या जिवास किंवा उभ्या पिकास धोका करणारें जनावर मारण्याची लेखी परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खालीं देतां येते. २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें रानडुक्कर व रोही यांसंबंधीं अशा परवानगीची वाट थोडी सोपी केली. २०१७ च्या अखेरीस चाळीसगांव तालुक्यांत गिरणाकांठचा नरभक्षक बिबट्या शेवटीं गोळीनेंच थांबवावा लागला. पण २०१८ च्या नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील अवनी वाघीण रात्रीं मारली गेली तेव्हां उठलेलें वादळहि सर्वांस आठवत असेल. अशा वेळीं बंदूक कोणाच्या हातीं आहे आणि त्याला कोणतें शिक्षण मिळालें आहे यावर सारें अवलंबून असतें.

आतां आमच्या शेतकऱ्याच्या हातीं काय आहे? शस्त्र कायद्याचें कलम १३ वाचून पाहावें. पीकरक्षणासाठीं परवाना मागणाऱ्या शेतकऱ्यास तो कायदा ठासणीची बंदूक देऊं करतो. औट्रम साहेबांच्या काळींहि बंदुका ठासणीच्याच होत्या! दोनशें वर्षांपूर्वींचें हत्यार घेऊन त्यानें रात्रीच्या अंधारांत दारू ठासावी, छर्रे भरावे, आणि कळप तोंवर थांबेल अशी आशा करावी. ठासणीची बंदूक पुरेशी नाहीं अशी खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक द्यावी, असा अधिकार त्याच कलमांत परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास आहे. परंतु हें सांगणारा कोणी नसल्यामुळें अर्जदार तें मागत नाहीं आणि कचेरी आपण होऊन देत नाहीं. मग तो तार ओढतो. कधीं त्या तारेला डुक्कर चिकटतें, कधीं शेजारचा सालदार, कधीं पहांटे पाणी द्यावयास गेलेला स्वतःचा मुलगा. कोठें पिठाच्या गोळ्यांत स्फोटक दारू भरून ठेवितात. त्यानें गाईचा जबडा फुटतो. या दोन्ही गोष्टी गुन्हा आहेत, आणि तारेनें माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा आरोप यावयास वेळ लागत नाहीं. वकील या नात्यानें आम्ही शेतकऱ्यास स्पष्ट बजावतों कीं, पिकाच्या नुकसानीचें कारण पुढें केल्यानें या आरोपांतून सुटका होत नाहीं.

तर मग शेतकऱ्यास रायफल द्यावी काय? आमचें उत्तर बहुतेक ठिकाणीं नाहीं असेंच आहे. बोरीच्या खोऱ्यांतील जमीन सपाट, शेताला शेत लागून, शेतांत राखणदार झोपलेले. रायफलीची चुकलेली गोळी तीन किलोमीटरांपलीकडेहि जाते. मक्याचें ताट तिला काय अडविणार? येथें बारा बोअरच्या बंदुकींतील एकच जड गोळी, उंच माळ्यावर बसून, तीस-चाळीस पावलांवर, खालीं मातीकडे झाडलेली, हेंच काडतूस योग्य. ती गोळी चुकली तरी जमिनींत रुतते. रायफलीचें काम डोंगरउताराच्या शेतांत, जेथें जनावराच्या मागें टेकडीची भिंत आहे, आणि तेंहि शिक्षित नेमबाजाचें.

आमच्या व्यापारी वाचकांत असे परवानाधारक आहेत कीं ज्यांची बंदूक दसऱ्यास पूजेला आणि लग्नांत हवेंत बार काढावयास तेवढी बाहेर निघते. हवेंत सोडलेली गोळी कोठेंतरी खालीं येतेच. २०१९ च्या दुरुस्तीनें असा बेपर्वा बार हा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, यांस पात्र गुन्हा ठरविला आहे. वरातींत बार काढणाऱ्याचें लोक कौतुक करतात तोंवर ही चाल मोडणार नाहीं. तेव्हां ज्या घरीं असा बार निघेल तेथें पंगतीस न बसण्याचा निश्चय पेठेंतील चार प्रतिष्ठित घराण्यांनीं करावा. त्याच दुरुस्तीनें शस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनावर आली आहे, हेंहि नवी रायफल घडवूं पाहणाऱ्यांनीं विसरूं नये.

जिल्हाधिकाऱ्यांस आणि वनखात्यास आमचें सांगणें थोडक्यांत असें. कलम १३ मधील सवलत गांवोगांव मराठींत लावावी. प्रत्येक तालुक्यांत शस्त्रशिक्षण घेतलेल्या, निर्व्यसनी अशा थोड्या परवानाधारकांची यादी करून परवानगीचें काम त्यांच्याकडे द्यावें; पेठेंतले हौशी नेमबाज या यादींत नांव घालण्यास पुढें आले तर त्यांच्या हौसेचें सार्थक होईल. मारलेलें जनावर कायद्यानें सरकारचें आहे, तेव्हां मांसाच्या लोभानें येणाऱ्यास त्यांत जागा नसावी. पिकाची भरपाई पंचनाम्याच्या कागदांत महिनोन् महिने अडकूं देऊं नये. आणि परवानगीच्या अर्जाचा निकाल मका कणसावर येण्यापूर्वीं लागावा. कणसें भुईसपाट झाल्यावर हातीं पडलेला कागद घेऊन शेतकऱ्यानें कोणत्या कचेरींत जावें?