दुसऱ्यांची कपाटे बनवणाऱ्याच्या मशिनी जमिनीवर का?

आपल्या शहरातील एखाद्या सुतार बांधवाच्या घरी संध्याकाळी जाऊन पाहावे. पुढच्या खोलीत किंवा अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा कारखाना असतो. ग्राहकाचे कपाट भिंतीला टेकून उभे असते. त्याचे कप्पे मापात, खण हलक्या हाताने सरकणारे, सनमायकाची कड बोटाला लागणार नाही इतकी साफ. आणि त्याच कपाटाच्या पायाशी, भुशाच्या ढिगात, ड्रिल मशीन आडवी पडलेली असते. कटरची वायर जिगसॉच्या वायरीत गुंतलेली असते. ग्राइंडर चकतीसकट बाकाखाली ढकललेला असतो आणि त्याची चावी कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील किराडपुरा, कटकट गेट, जिन्सी, शहाबाजार अशा दाट वस्तीत घर आणि कारखाना यांच्यात अनेकदा एका पडद्याचेच अंतर असते. म्हणून मशिनी ठेवण्याची गोष्ट ही टापटिपीची आवड म्हणून सोडून देता येत नाही. त्यात कारागिराचे भांडवल गुंतलेले आहे आणि त्याची मुलेबाळेही त्याच जागेत वावरत आहेत. आमचे स्पष्ट मत असे आहे की, ज्याच्याकडे असलेल्या मशिनींना जागा ठरलेली नाही, त्याने पुढची मशीन विकत घेऊ नये. आधी भिंतीवर फळी, मग नवी मशीन.

आपले जुने मिस्त्री या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते. त्यांच्या लाकडी पेटीत रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या, कानस यांच्या जागा ठरलेल्या असत. शागीर्दाने पटाशी धारेकडून ठेवली तर उस्तादाचा हात उठत असे. पेटी संध्याकाळी बंद झाली की सगळे हत्यार आत आले की नाही ते डोळ्यांना कळे. पुढे विजेच्या मशिनी आल्या त्या एकदम आल्या नाहीत. एक ईदच्या आधीच्या कामात घेतली, एक उधारीवर, एक कोणाची जुनी. हत्यारे वाढली, पण पेटी वाढली नाही. मशीन गोणीत जाऊ लागली आणि गोणीला कप्पे नसतात.

याचे परिणाम पाहायचे असतील तर मोटार रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात तासभर बसावे. मशीन उघडली की आत भुसा आणि ग्रीस यांचा काळा लगदा निघतो. हवा खेळण्याच्या फटी बुजल्या की मोटार आपल्याच उष्णतेत भाजते. जमिनीवर ठेवलेली मशीन बंद असतानाही भुसा खात असते, कारण झाडू मारताना उडालेला भुसा तिच्यातच शिरतो. दुसरा नेहमीचा बिघाड वायरीचा. काम संपले की वायर मशीनभोवती आवळून गुंडाळायची, ही आपल्याकडची सवय. वायर जेथे मुठीत शिरते तेथे ती रोज एकाच ठिकाणी मुडपते, आतली तांब्याची तार तुटत जाते आणि एक दिवस मशीन कधी चालू, कधी बंद अशी होते. त्या जागी आवरण फाटले तर शॉक बसतो. वायर सैल वेटोळे करून वेगळ्या खुंटीला टांगावी आणि मशीन कधीही वायरीवर लोंबकळत ठेवू नये, एवढे पाळले तरी दुरुस्तीची निम्मी पायपीट वाचेल.

आता कोणती मशीन कशी ठेवावी ते पाहू. ड्रिल मशीन ठेवणे सर्वांत सोपे. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली स्विच या रचनेचे पेटंट ब्लॅक अँड डेकरने १९१७ साली अमेरिकेत घेतले आणि आजही ड्रिलचा तोच आकार आहे. हाताला सोयीचा असलेला हा आकार फळीलाही सोयीचा आहे. फळीला पुढून खाच पाडावी, मूठ खाली जाईल आणि धड फळीवर बसेल. खाचेचे माप पुस्तकात शोधू नये, आपल्या मशीनची मूठ मोजावी. बिट काढून ठेवावा आणि चकची चावी त्याच खाचेशेजारी दोरीने बांधून ठेवावी.

रंधा मशीन सपाट तळावर ठेवली की पाती फळीला टेकतात, धारही जाते आणि फळीही चिरते. तिच्या पुढच्या टोकाखाली लाकडाची पातळ पट्टी ठोकली की काम झाले. राउटर आणि ट्रिमरमध्ये बिट लावून ठेवू नये. बिटांसाठी लाकडाच्या ठोकळ्याला भोके पाडून त्यात ते उभे करावेत, म्हणजे कोणता गेला तेही कळते.

खरी काळजी घ्यायची ती कटर आणि ग्राइंडरची. कटरचे खालचे झाकण आपोआप परत येऊन पाते झाकते, ते पाते झाकण्यासाठीच दिलेले असते. आपल्याकडे ते अडथळा वाटते म्हणून तारेने वर बांधून टाकण्याची वाईट खोड आहे. असा कटर जेथे ठेवाल तेथे तो उघडी सुरीच आहे. झाकण मोकळे ठेवावे आणि कटर कपाटात, कडी लावून ठेवावा. ग्राइंडरची चकती काम संपताच काढावी. घासण्या-कापण्याच्या चकत्या राळेने बांधलेल्या असतात, ओल लागली की त्या कमजोर होतात. त्या सपाट आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. पुष्कळ चकत्यांवर मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती वाचावी. लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला लावणारे बांधव आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी एवढेच सांगतो की, असे पाते कारखान्यात ठेवूच नये, म्हणजे लावण्याचा मोह होणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या विजेमुळे विशेष महत्त्वाची आहे. काम चालू असताना वीज गेली की कारागीर मशीन तशीच मेजावर ठेवून चहाला जातो. सरकत्या स्विचचा ग्राइंडर त्या वेळी चालू अवस्थेतच अडकलेला असतो. पुन्हा चालू न होण्याची सोय मशीनमध्ये नसेल तर वीज परत येताच तो मेजावरून उडी मारतो. त्या वेळी खोलीत कोण असेल, हे सांगता येत नाही. म्हणून वीज गेली तरी प्लग काढायचा आणि मशीन जागेवर ठेवायची. ज्या मशीनला जागाच नाही ती मेजावरच राहणार. घरातल्या कारखान्याच्या बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घेणे हा खर्च नाही, ही गरज आहे.

बॅटरीच्या मशिनी आता घरोघर आल्या आहेत. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. आपल्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून अधिक तापते. बॅटऱ्या शेडमधल्या वरच्या फळीवर न ठेवता घरातल्या थंड भिंतीच्या खणात ठेवाव्यात. रमजानच्या शेवटच्या दिवसांत किंवा गावी जाताना काम काही आठवडे बंद राहणार असेल तर बॅटरी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरून ठेवू नये, निम्म्याच्या आसपास ठेवावी. रात्रभर चार्जरला लावून झोपी जाऊ नये. चार्जरच्या आजूबाजूला भुसा आणि पॉलिशच्या चिंध्या तर मुळीच नकोत. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या काडी न लावताही आपोआप तापून पेट घेतात, हे कित्येकांना माहीत नसते.

येथे हमखास प्रश्न येतो, जागा कोठे आहे? दहा बाय बाराच्या खोलीत लाकूड ठेवायचे की मशिनी? प्रश्न खरा आहे, पण तो जमिनीकडे पाहून विचारलेला आहे. भिंतीकडे पाहावे. १८ मिलिमीटर प्लायची पट्टी ४५ अंशांत लांबीच्या दिशेने चिरली की दोन पट्ट्या मिळतात. एक धार वर करून भिंतीत पक्की करायची, दुसरी उलटी करून मशीनच्या खणाच्या पाठीला लावायची. दोन्ही एकमेकींत अडकतात, वजनाने अधिक घट्ट बसतात आणि खण उचलून दुसरीकडे लावता येतो. मशिनी वाढल्या तर भिंतीला नवे भोक पाडावे लागत नाही. सुताराला हे शिकवण्याची गरज नाही, ग्राहकाच्या घरी त्याने याहून अवघड जोड केलेले असतात. भाड्याच्या घरात मालक भिंतीला हात लावू देत नसेल तर चाकांवरचे अरुंद कपाट करावे. मशीनबरोबर येणारी प्लास्टिकची पेटी साइटवर नेण्यास ठीक, पण रोजच्या वापराला नव्हे. ती जागा अडवते, आत काय आहे ते दिसत नाही आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवते. जून ते सप्टेंबर खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पात्यांना तेलाचे बोट फिरवावे.

या भिंतीचा सर्वांत मोठा फायदा मात्र धंद्याचा आहे. आपले कित्येक तरुण वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जातात. तेथील कारखान्यांत फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली त्यांनी पाहिली असेल. जपानी कारखान्यांतून आलेली ही रीत आता जगभर चालते. पाना उचलला की रिकामी आकृती दिसते. तेच आपल्या भिंतीवर करावे. संध्याकाळी साइटवरून परतल्यावर प्रत्येक मशीन आपल्या आकृतीवर टांगली की, एखादी ग्राहकाच्या घरी राहिली असेल तर ती रात्रीच कळते. चार दिवसांनी कळली तर ग्राहक नाही म्हणतो, मदतनीसावर संशय जातो आणि वर्षांचा संबंध एका जिगसॉपायी तुटतो. शेजाऱ्याला मशीन दिली असेल तर रिकाम्या आकृतीवर त्याच्या नावाची चिठ्ठी लावावी. उसनी दिलेली वस्तू ही अमानत आहे हे दोघांनाही ठाऊक असते, विसरते ती फक्त तारीख.

आणि वेळेचे काय? चावी, बिट, वायर शोधण्यात रोज २० मिनिटे जातात असे धरले आणि वर्षात ३०० दिवस काम धरले, तर १०० तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर १२ दिवसांहून अधिक मजुरी झाली. मदतनीस हाताखाली असेल तर दुप्पट. मशीनचा अनुक्रमांक, घेतल्याची तारीख आणि बिल एका वहीत ठेवले तर वॉरंटीच्या वेळी किंवा चोरीच्या तक्रारीच्या वेळी हात रिकामे राहत नाहीत.

घरातल्या मंडळींचा विचार शेवटी करतो, पण तो सर्वांत जड आहे. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले आहे. धुळीने माखलेली मशीन जेथे ठेवली जाते तेथे ही धूळ राहते, आणि अनेकांच्या घरी तेथेच रात्री अंथरुणे पडतात. मशीन ठेवण्यापूर्वी ती बाहेर, तोंडाला मास्क लावून साफ करावी. जड मशिनी कमरेच्या उंचीवर असाव्यात असा नियम आहे, पण ती मुलांच्या हाताचीही उंची आहे. म्हणून आमचे मत असे की, ड्रिल उघड्या खाचेत चालेल, पण कटर, ग्राइंडर आणि खिळे मारण्याची बंदूक कुलपातच असावी आणि किल्ली कारागिराच्या खिशात असावी, खुंटीवर नव्हे.

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात ५ ते ७ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर अशी सोय आहे. ज्यांनी नाव नोंदवले नसेल त्यांनी चौकशी करावी. आमची एक सूचना आहे. त्या ५-७ दिवसांतला एक तास अवजारे कशी ठेवावीत यासाठी द्यावा. अवजार हाती दिले आणि ते ठेवायचे कोठे हे सांगितले नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात ते रिवाइंडिंगच्या दुकानात पोहोचेल. मशिनी विकणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांनीही हे मनावर घ्यावे. दुकानाच्या भिंतीवर मशिनी नुसत्या खोक्यात रचण्याऐवजी अशी एक फळी लावून दाखवली, तर ग्राहक ती पाहून घरी करेल, आणि ज्याची मशीन पाच वर्षे टिकते तो पुढची मशीन त्याच दुकानातून घेतो.

पुष्कळ कारखाने शुक्रवारी बंद असतात. गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास मशिनी पुसण्यास आणि वायरी तपासण्यास ठेवावा. पहिली पट्टी याच आठवड्यात ठोकता येईल. तिला लागणारा प्लायचा तुकडा बहुतेकांच्या कोपऱ्यात पडूनच आहे.