मनोगत मराठीत, ताळेबंद इंग्रजीत

ऑगस्ट-सप्टेंबर हे दोन महिने सीमाभागात सणांइतकेच वार्षिक सभांचे असतात. सहकारी बँका, पतसंस्था, शिक्षकांच्या सोसायट्या यांचे अहवाल घरोघर येऊन पडतात. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर संस्थापकांचे छायाचित्र, मग अध्यक्षांचे मनोगत, त्यामागे गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार. येथपर्यंत सारे मराठीत. नंतर ताळेबंद येतो आणि भाषा बदलते. ताळेबंद, त्याखालच्या टिपा, हिशेब तपासनिसांचे शेरे हे सारे इंग्रजीत. माझ्या हाती येणाऱ्या बहुतेक अहवालांची तऱ्हा हीच आहे. निबंधकांकडे कन्नड, रिझर्व्ह बँकेकडे इंग्रजी आणि सभासदांसाठी मराठी, पण ती भाषणापुरती!

सहकारी बँकेत एका सभासदाला एकच मत, मग त्याचे भाग पाच असोत वा पाचशे. व्यवस्था न्याय्य आहे, पण तिच्यात एक गोम आहे. कर्जदाराला भाग घ्यावे लागतात, त्यामुळे तो सभासद होतो आणि मत देतो. निव्वळ ठेव ठेवणाऱ्या निवृत्त शिक्षकाला सभासद व्हावे लागत नाही, आणि सभासद नसेल तर मतही नाही. म्हणजे पैसा ठेवीदारांचा, पण संचालक निवडणारे पुष्कळसे कर्जदार. संचालक व त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेने २००३ साली मनाई केली (ठेवींच्या तारणावरील कर्जासारखे अपवाद सोडून), ती उगाच नव्हे. अशा रचनेत सभासदाने ताळेबंद वाचणे हीच ठेवीदाराची राखण. तो वाचता आला नाही की सभा ‘मंजूर, मंजूर’ म्हणत अल्पोपाहाराकडे वळते.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला सहा महिन्यांत खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील असा पहिला हुकूम होता. एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकली होती, आणि ती लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवली होती. तो अहवाल कोणत्याही भाषेत वाचला असता तरी हे कळले नसते, हे कबूल केले पाहिजे. कारण अहवालच खोटा होता. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांच्या उरलेल्या रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते लागले. पण प्रत्येक बँक अशी एका रात्रीत बसत नाही. शेजारच्या गोव्यात म्हापसा अर्बन बँकेवर २०१५ पासून निर्बंध होते, परवाना रद्द झाला एप्रिल २०२० मध्ये. मडगाव अर्बनवर मे २०१९ मध्ये निर्बंध आले आणि जुलै २०२१ मध्ये तिचाही परवाना गेला. बहुधा असे आजार वर्षानुवर्षे अंगात मुरलेले असतात. थकबाकी वाढते, तरतूद अपुरी पडते, भांडवल झिजते, आणि हे आकडे टिपांमध्ये छापलेलेही असतात.

कायद्याने मधल्या काळात काही केलेच नाही असे नाही. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख होती, ती फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यावर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची सोय झाली. २०२० च्या बँकिंग दुरुस्तीने सहकारी बँकांच्या संचालकांपैकी किमान ५१ टक्के लोक लेखाशास्त्र, कायदा, शेती, अर्थकारण, सहकार अशा विषयांचे जाणकार असावेत असे ठरले. अट चांगली आहे. फक्त ‘सहकाराचा अनुभव’ या सदरात कोणताही जुना संचालक आरामात बसतो! सलग आठ वर्षांनंतर संचालकाने पायउतार व्हावे ही मर्यादाही १ ऑगस्ट २०२५ पासून दहा वर्षांची झाली आहे. मला ही सवलत अनाठायी वाटते.

आपल्या भागात आणखी एक घोळ आहे. ‘बँक’, ‘पतसंस्था’ आणि ‘मल्टीस्टेट’ हे तीन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्था राज्याच्या निबंधकांच्या अखत्यारीत येते. सीमेच्या दोन्ही बाजूंना शाखा काढणारी सोसायटी मल्टीस्टेट म्हणून दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे नोंदलेली असते. या शेवटच्या दोहोंतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचा विमा नाही. काचेचा दरवाजा, काउंटर, पासबुक सारखेच असल्याने गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही, आणि एक टक्का जादा व्याज मात्र लगेच दिसते. सहारा समूहाच्या चार मल्टीस्टेट सोसायट्यांच्या ठेवीदारांसाठी २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला पाच हजार कोटी रुपये वर्ग करण्याचा आदेश द्यावा लागला. ही वेळ का येते हे त्यावरून समजावे.

इंग्रजी ताळेबंदाचे समर्थन करताना मराठीत शब्द नाहीत असे सांगितले जाते. ज्या भाषेत ताळेबंद, खतावणी, तेरीज, थकबाकी, तारण, जामीन हे शब्द पिढ्यान् पिढ्या नांदले, तिच्याविषयी हे बोलणे! वडोदऱ्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी ‘अन्योन्य’ मंडळी काढली ती १८८९ साली, म्हणजे देशात सहकाराचा कायदा होण्याच्या पंधरा वर्षे आधी. एनपीएला अनुत्पादक कर्ज म्हणा, नाहीतर सरळ व्याज-हप्ता थांबलेले कर्ज म्हणा. आठवीतल्या मुलालाही समजेल.

सरकारी कागद मराठीत मिळावेत ही आपली मागणी रास्तच आहे आणि ती चालू राहील. पण आपल्याच संस्थेने आपल्याच सभासदाला मराठीत हिशेब द्यायला कोणत्या सरकारची परवानगी लागते? कायद्याला हवे ते इंग्रजी वा कन्नड पत्रक राहू द्यावे. त्याच्या शेजारी चार पाने मराठीत छापावीत: थकीत कर्ज गेल्या वर्षी किती होते व यंदा किती, त्यासाठी तरतूद किती, सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा (नावे नकोत, टक्केवारी पुरे), आणि तपासनिसांनी काढलेल्या दोषांची पूर्तता झाली की नाही. सत्काराची चार छायाचित्रे कमी केली की खर्चही निघतो.

यंदाच्या नोटिसा लवकरच हाती पडतील. प्रश्न लेखी स्वरूपात सभेपूर्वी अमुक दिवस आधी द्यावेत अशी एक ओळ बहुधा सर्वांत खाली बारीक अक्षरात असते. सभासदांनी ती तारीख आधी पाहावी आणि वरचे चार प्रश्न मराठीत लिहून, पोच घेऊन, कार्यालयात द्यावेत.