पायथनचे कुलूप आणि ठाणे-डोंबिवलीची रोजीरोटी

सकाळी आठच्या सुमारास ठाणे स्थानकाच्या ट्रान्स-हार्बर फलाटांवर जी गर्दी उसळते, तिच्यात गळ्यात ओळखपत्र आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी असलेल्यांचा भरणा मोठा असतो. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथहून आलेली ही मंडळी येथे गाडी बदलून ऐरोली, रबाळे, घणसोलीकडे जातात. काहीजण ठाण्यातच उतरून पोखरण रस्ता किंवा घोडबंदरच्या वाटेला लागतात. ज्यांच्या आधीच्या पिढीने मंत्रालयात, बँकांत आणि गोदीत कारकुनी केली, त्या घरांतील पुढची पिढी आता परदेशी बँका, विमा कंपन्या आणि विमानसेवांच्या संगणकप्रणाली सांभाळते. या प्रणालींपैकी अनेक ज्या भाषेत लिहिल्या जातात, त्या पायथनच्या पायातच सध्या मोठी उलथापालथ सुरू आहे. तिचा निर्णय मात्र ऐरोलीत झाला नाही आणि बंगळुरूतही नाही.

पायथन ही मुक्तस्रोत भाषा आहे. गुइडो व्हॅन रोसम या डच संगणकतज्ज्ञाने १९९१ मध्ये ती जगापुढे ठेवली. ती कोणा कंपनीच्या मालकीची नाही, तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदल सुचवताही येतो. सूचना मांडण्यासाठी ठरावीक नमुन्याचा लेखी प्रस्ताव सादर करावा लागतो. त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पेप' म्हणतात. प्रस्तावावर जाहीर खल होतो, तो कधी आठवडाभर चालतो, कधी वर्षभर. त्यानंतर तो स्वीकारला अथवा फेटाळला जातो. सध्या ज्याची फळे दिसू लागली आहेत तो प्रस्ताव ७०३ क्रमांकाचा असून, मेटा या कंपनीत काम करणारे सॅम ग्रॉस यांनी तो जानेवारी २०२३ मध्ये मांडला. पायथनच्या पोटात तीस वर्षांपासून बसलेले एक कुलूप काढून टाकावे, अशी त्याची मागणी होती.

हे कुलूप म्हणजे काय, हे रेल्वे प्रवाशांना समजावून सांगणे फारसे अवघड नाही. एकेरी लोहमार्गावर पूर्वी चालकाच्या हाती टोकन पडल्याखेरीज गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे. टोकन एकच असल्याने एका वेळी एकच गाडी त्या टप्प्यात असे आणि समोरासमोर टक्कर होण्याची भीती उरत नसे. पायथनमध्येही असेच एकच टोकन आहे. एका प्रोग्रॅमचे काम अनेक धाग्यांत, म्हणजे थ्रेडमध्ये, वाटून दिले तरी टोकन ज्याच्या हाती तोच धागा त्या क्षणी पायथनच्या आज्ञा चालवतो आणि इतर ताटकळत राहतात. १९९० च्या दशकात संगणकाला एकच गणनकेंद्र, अर्थात कोअर, असे. त्यामुळे कोणाचेच अडत नव्हते. आज साध्या लॅपटॉपमध्ये आठ कोअर असतात. रूळ आठ आणि टोकन मात्र एक, असा हा प्रकार आहे.

यावर उपाय म्हणून आजवर एकाच प्रोग्रॅमच्या आठ स्वतंत्र प्रती चालवल्या जात. तसे केल्यास आठही कोअर कामाला लागतात, परंतु प्रत्येक प्रत स्वतःपुरती मेमरी अडवते आणि परस्परांत माहितीची देवाणघेवाण करण्यात वेळ जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड प्रणाली पायथनमधूनच चालवल्या जाऊ लागल्यावर ही उधळपट्टी मोठ्या कंपन्यांना बोचू लागली. मागणीला जोर आला तो त्यामुळे.

कुलूप काढण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. १९९६ मध्ये ग्रेग स्टाइन यांनी ते काढून दाखवले, पण त्यामुळे साधे, एकाच धाग्याचे प्रोग्रॅम बरेच मंदावले. २०१६ च्या सुमारास लॅरी हेस्टिंग्ज यांनीही प्रयत्न केला आणि तोही वेगाच्या प्रश्नावर अडला. अडचणीचे मूळ पायथनच्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. मेमरीतील प्रत्येक वस्तू कितीजण वापरत आहेत याची मोजणी पायथन सतत ठेवतो आणि ती शून्यावर आली की ती जागा मोकळी करतो. दोन धाग्यांनी एकाच वेळी हा आकडा बदलला तर हिशेब चुकतो आणि वापरात असलेली वस्तूच पुसली जाऊ शकते. कुलपामुळे हे टळत होते. ग्रॉस यांनी तोडगा काढला तो असा, की वस्तू ज्या धाग्याने निर्माण केली त्याची मोजणी वेगळी व स्वस्तात ठेवायची, इतरांची वेगळी. बहुतेक वस्तू जन्मभर एकाच धाग्याच्या हाती राहतात, हे साधे निरीक्षण त्यामागे आहे.

व्हॅन रोसम यांनी २००७ मध्येच आपली अट जाहीर केली होती. कुलूप काढण्यास आपला विरोध नाही, मात्र एकाच धाग्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा वेग त्यामुळे घटता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. ही अट आजही पूर्णपणे पाळली गेलेली नाही. कुलूपमुक्त आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.१३ सोबत प्रथम आली, तेव्हा साधे प्रोग्रॅम सुमारे ४० टक्क्यांनी मंद होत होते. ऑक्टोबर २०२५ मधील ३.१४ मध्ये हा तोटा पाच ते दहा टक्क्यांवर आणण्यात आला. सुधारणा मोठी आहे, तरी ज्याला आठ कोअरची गरजच नाही त्याने हा भुर्दंड का सोसावा, हा सवाल उरतोच.

२०२३ मधील वादात विरोधकांचा मुख्य मुद्दा नेमका हाच होता. मायक्रोसॉफ्टच्या पैशावर पायथनचा वेग वाढवणारा एक चमू त्याच काळात कार्यरत होता. व्हॅन रोसम स्वतः त्यात होते आणि मार्क शॅनन हे त्याचे तांत्रिक धुरीण. कुलूप निघाले तर आपण केलेल्या सुधारणा टिकवणे कठीण होईल, असे शॅनन यांचे मत होते. दुसरी तक्रार अन्य भाषांत लिहिलेली जोडपॅकेजे सांभाळणाऱ्यांची होती. गणित, आकडेमोड, चित्रण यांची पायथनमधील सारी ताकद 'सी' भाषेत लिहिलेल्या या पॅकेजांत आहे आणि त्यांतील अनेक जण हे काम फावल्या वेळात, विनामोबदला करतात. कुलूप आहे असे गृहीत धरून लिहिलेली ही पॅकेजे पुन्हा तपासायची, शिवाय कुलूपवाली आणि बिनकुलपाची अशा दोन प्रती काढायच्या, हे काम कोण करणार, असे ते विचारत होते. हा युक्तिवाद आळसापोटी केलेला नव्हता.

अखेर जुलै २०२३ मध्ये पायथनच्या सुकाणू समितीने प्रस्ताव स्वीकारण्याचा इरादा जाहीर केला आणि ऑक्टोबरमध्ये औपचारिक मान्यता दिली. मान्यता तीन टप्प्यांची आहे. आधी प्रायोगिक आवृत्ती, मग अधिकृत पण ऐच्छिक, आणि शेवटी हीच मूळ आवृत्ती. ३.१४ सोबत दुसरा टप्पा सुरू झाला. बदल अंगाशी आला तर माघार घेण्याची मुभा समितीने राखून ठेवली. मेटाने तीन अभियंत्यांच्या वर्षभराच्या कामाइतके मनुष्यबळ देण्याचे आश्वासन दिले होते, त्याचाही निर्णयावर परिणाम झाला असे मानायला जागा आहे. याच्या उलट बाजूही लवकरच दिसली. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेगवाढीच्या प्रकल्पाचा आधार काढून घेतला आणि शॅनन यांच्यासह त्यातील काहींची नोकरी गेली. भाषा कोणाच्याही मालकीची नसली, तरी ती घडवणाऱ्या हातांचा पगार कोणीतरी देत असतो.

सुकाणू समिती ही व्यवस्थाही एका भांडणातूनच जन्माला आली. २०१८ पर्यंत अंतिम शब्द व्हॅन रोसम यांचा असे. त्या वर्षी ५७२ क्रमांकाचा प्रस्ताव आला. अपूर्णविराम आणि बरोबरचे चिन्ह जोडून तयार केलेले एक नवे चिन्ह त्यात सुचवले होते, बाकी फारसे काही नव्हते. त्यावर इतकी कडवट वादावादी झाली की प्रस्ताव मंजूर केल्यावर, १२ जुलै २०१८ रोजी, व्हॅन रोसम यांनी निर्णयाधिकाराचा त्याग केला. त्यानंतर पाच जणांची निर्वाचित समिती आली. एकाच कंपनीचे दोनपेक्षा अधिक सदस्य तीत असू नयेत, असा नियम आहे. मतदार मात्र केवळ भाषेचे मूळ विकासक असतात.

समिती एवढ्या सावधपणे पावले टाकते त्याचे कारण २००८ च्या डिसेंबरमध्ये आहे. तेव्हा आलेली पायथन ३ ही आवृत्ती पायथन २ शी जुळणारी नव्हती. पडद्यावर मजकूर उमटवण्याची आज्ञा कंसाशिवाय चालेनाशी झाली, हे तर किरकोळच. सातास दोनाने भागले तर जुनी भाषा तीन उत्तर देई, नवी साडेतीन देऊ लागली. पहिल्या बदलात प्रोग्रॅम थांबतो आणि चूक दिसते, दुसऱ्यात तो मुकाट्याने वेगळे उत्तर देत राहतो. पैशांच्या हिशेबात याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. जुन्या आवृत्तीचा आधार २०१५ मध्ये संपवण्याचे ठरले होते, ती मुदत पाच वर्षांनी वाढवावी लागली आणि १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ अधिकृतपणे निवृत्त झाली. ओळीन् ओळ तपासून जुने प्रोग्रॅम नव्या भाषेत आणण्याच्या कामाचा मोठा वाटा भारतीय सेवा कंपन्यांकडे आला. काहींच्या दृष्टीने ते हमीचे काम होते. ते करणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र ते कंटाळवाणे आणि नवे काही न शिकवणारे होते.

मराठी वाचकाला येथे शुद्धलेखनाच्या नियमांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये चार नियमांची भर पडली आणि कित्येक शब्दांवरील अनुस्वार गेले. त्यावरून वाद झाले, आजही होतात. परंतु 'कांही' असे लिहिणाऱ्या आजोबांचे पत्र नातवाला वाचता येतेच. संगणक ही उदारता दाखवत नाही.

अर्थात त्या फोडाफोडीतून मराठीला लाभही झाला. पायथन २ मध्ये 'मराठी' हा शब्द साध्या मजकुराच्या रूपात दिला आणि त्याची लांबी विचारली, तर युनिकोडच्या रूढ सांकेतनात उत्तर १५ येई, कारण भाषा अक्षरे न मोजता संगणकाचे बाइट मोजत होती. पायथन ३ पाच सांगते. वाचणाऱ्याला तीनच अक्षरे दिसतात ही गोष्ट निराळी, काना आणि वेलांटी यांची गणना स्वतंत्र होते. २००७ मधील ३१३१ क्रमांकाच्या प्रस्तावामुळे तर व्हेरिएबलची नावेही देवनागरीत देता येऊ लागली. 'किंमत' या नावाने आकडा साठवला तर पायथनची तक्रार नसते. त्या वेळीही विरोध झाला होता. एका लिपीत लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या देशातील विकासकाला वाचता आला नाही तर मुक्तस्रोताचा अर्थ काय, असा आक्षेप होता. पायथनच्या स्वतःच्या ग्रंथालयात त्यामुळे रोमन लिपीचेच बंधन ठेवण्यात आले. या सवलतीतही मराठीपुरती एक गोम आहे. 'दऱ्या' मधील अर्धा र नुक्ता असलेल्या र ने लिहिला तर नाव चालते. तोच र अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिला, तर डोळ्यांना फरक दिसत नाही आणि पायथन मात्र नाव नाकारतो.

या साऱ्या चर्चांत ठाणे-कल्याण पट्ट्याचा आवाज किती, हा प्रश्न अवघड वाटावा असा आहे. वापरात मुंबई परिसर मागे नाही. मुंबई विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात पायथन आहे आणि डोंबिवली-कल्याणमधील संगणक क्लासच्या पाट्यांवर तिचे नाव ठळक असते. पवईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने विज्ञानशाखेत मुक्तस्रोत साधने रुजवली. तेथीलच प्रा. प्रभू रामचंद्रन यांचे 'मायावी' हे त्रिमितीय चित्रणाचे पायथन पॅकेज जगभर वापरले जाते. 'स्पोकन ट्युटोरियल' मधून मराठीतही धडे उपलब्ध आहेत. पायकॉन इंडिया ही परिषद २०११ मध्ये पुण्यात भरली होती. पण भाषा शिकणे आणि भाषा घडवणे यांत अंतर असते. सेवा कंपन्यांत अभियंत्याचा प्रत्येक तास ग्राहकाच्या नावे मांडला जातो. मुक्तस्रोत प्रकल्पातील दुरुस्ती कोणाच्या नावे मांडायची, याला त्या हिशेबात रकाना नाही. घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. चर्चा इंग्रजीत, लेखी आणि प्रदीर्घ असते, तीत टिकून राहण्यासाठी वर्षानुवर्षे वेळ द्यावा लागतो. ज्यांच्या कंपन्या तेवढा वेळ विकत घेतात, त्यांची मते मग साहजिकच अधिक वजनाची ठरतात.

परिणाम मात्र या परिसरातही येणारच आहेत. पायथनमधील कुलपाची अडचण सांगा, हा नोकरीच्या मुलाखतीतील ठरलेला प्रश्न आहे आणि त्याचे पाठ केलेले उत्तर आता अर्धवट ठरते. अधिक गंभीर प्रश्न जुन्या प्रोग्रॅमचा आहे. दोन धागे एकाच आकड्यात भर घालत असतील तर कुलूप असतानाही घोळ होऊ शकत होता, पण तो इतका क्वचित होई की कोणाच्या ध्यानात येत नसे. आठ कोअर खरोखरच एकत्र धावू लागल्यावर झाकलेल्या अशा चुका वारंवार वर येण्याची शक्यता आहे. त्या शोधणे कठीण असते, कारण तीच चूक दुसऱ्या वेळी घडेलच असे नाही. रात्री-अपरात्री फोन येतो तो अशाच बिघाडांसाठी, आणि तो उचलणारा बहुधा याच पट्ट्यात राहत असतो.

ठाणे-दिवा दरम्यानच्या पाचव्या व सहाव्या मार्गिकेचे लोकार्पण फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले. लोकल चालू ठेवून रूळ टाकायचे असल्याने ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले होते आणि रविवारचे मेगाब्लॉक प्रवाशांच्या अंगवळणी पडले होते. पायथनचेही काम चालू वाहतुकीतच करावे लागत आहे. ३.१४ ची नेहमीची प्रत घेणाऱ्याला अजूनही कुलूपवाली भाषाच मिळते, बिनकुलपाची हवी असल्यास ती वेगळी निवडावी लागते. तिसऱ्या टप्प्याची तारीख ३.१४ प्रसिद्ध होईपर्यंत समितीने ठरवलेली नव्हती. जोडपॅकेजांपैकी किती नव्या घडणीत नीट चालतात, हे पाहूनच ती ठरेल. त्या पॅकेजांची तपासणी करण्यास मूळ विकासक असण्याची अट नाही. आपल्या कंपनीचा जुना प्रोग्रॅम नव्या प्रतीवर चालवून पाहणे आणि तो कोठे कोसळला हे कळवणे, एवढे ऐरोलीतूनही करता येते. त्यासाठी आठवड्यातील काही तास मोकळे सोडायचे की नाही, हे ठरवणे मात्र कंपन्यांच्या हाती आहे.