गाविलगड कोणाचा? हा प्रश्नच खोटा आहे

#धागा

१/ चिखलदऱ्याला गेलेला पर्यटक गाविलगडाच्या दिल्ली दरवाजाचे छायाचित्र टाकतो आणि त्याखाली ठरलेला वाद पेटतो : किल्ला आमचा की त्यांचा? दरवाजावर काय कोरले आहे, हे पाहण्याची तसदी दोन्ही पक्ष घेत नाहीत.

२/ तिथे गंडभेरुंड आहे, दोन मस्तकांचा पक्षी. सोबत हत्तींना पंजात धरलेले सिंह. गंडभेरुंड ही विजयनगरच्या परंपरेतली ओळखीची खूण. ती वऱ्हाडच्या सुलतानी गडावर कशी आली? १४९० मध्ये स्वतंत्र होऊन इमादशाही स्थापणारा फतहुल्ला जन्माने विजयनगरकडचा कानडी ब्राह्मण. युद्धात पकडला गेला, बहामनी राज्यात मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडचा तरफदार झाला. अभ्यासक त्या पक्ष्याचा संबंध याच पूर्वेतिहासाशी जोडतात. आता हा माणूस 'आमच्या' रकान्यात घालायचा की 'त्यांच्या'?

३/ गडाचे नाव गवळ्यांवरून पडले अशी परंपरा आहे. फिरिश्ता सांगतो की अहमदशहा बहामनीने १४२५ मध्ये गड बांधला. एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही; गवळ्यांच्या वस्तीच्या डोंगरावर सुलतानाने दगडी तट चढवला असेल, तर त्यात लाजण्यासारखे काय?

४/ १५ डिसेंबर १८०३. किल्लेदार बेनीसिंग हा राजपूत, नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत, सुलतानांनी उभारलेल्या तटामागे लढत मारला गेला. समोर आर्थर वेलस्ली. दक्षिणेचा कडा अवघड, म्हणून स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरदऱ्यांतून वाट काढत, जड तोफा हातांनी ओढत उत्तरेचे लबाडा गाव गाठले. त्या बाजूला गड पठाराला जोडलेला आहे. बाहेरच्या तटाला तिथेच खिंडार पडले, आतला तट शिड्या लावून चढला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह. 'फितुरी नसती तर गड पडलाच नसता' असे सांगणाऱ्यांनी एकदा लबाड्याच्या अंगाने गड पाहावा.

५/ आणि अचलपूर? वादकांच्या गाड्या परतवाड्यावरून थेट घाटाला लागतात. गड ज्या राजधानीच्या पाठीशी उभा होता, ती सापन आणि बिच्छन नद्यांच्या काठची नगरी शेजारीच राहते. तिथला दुल्हा दरवाजा आणि हौज कटोरा पाहायला डोंगर चढावा लागत नाही, तरी तिकडे कोणी फिरकत नाही.