आधी माप कोणाचे?

किराणा दुकान हा आपल्या व्यापारातील सर्वांत लहान आणि तरीही सर्वांत मोठा प्रकार होय. दहा बाय बाराच्या गाळ्यात तो मावतो म्हणून लहान. आणि ज्या घराला सोनार, शिंपी किंवा वकील वर्षानुवर्षे लागत नाही त्या घरालाही किराणावाला रोज लागतो म्हणून मोठा. व्यापाराची चर्चा निघाली की भांडवल, कर, घाऊक भाव आणि जागेचे भाडे यांवरच ती संपते. दुकानात माणसे एकमेकांशी कशी वागतात, हा विषय कोणी धंद्याचा मानीत नाही. आमच्या मते तो धंद्याचाच विषय आहे. तूर डाळ किलोमागे दोन रुपयांनी महाग मिळाली म्हणून गिऱ्हाईक कुरकुरते. पण दुकानात चारचौघांत अपमान झाला तर ते कुरकुरत नाही, मुकाट्याने निघून जाते आणि पुन्हा येत नाही.

मोहल्ल्यातील कोणतेही दुकान संध्याकाळी सात वाजता पाहावे. गल्ल्यापुढे दहा-बारा माणसे उभी असतात, पण रांग नसते. ज्याचा आवाज मोठा त्याचे माप आधी. "शेठ, मला फक्त दुधाची पिशवी द्या, गाडी चालू ठेवून आलोय," असे म्हणत एक जण मागून हात पुढे करतो आणि त्याचे काम होते. दुसरा महिन्याची यादी वाचू लागतो. तिसऱ्या बाईंना शेवटच्या क्षणी खोबऱ्याची आठवण होते, मग वेलचीची, मग काडेपेटीची. या सर्वांच्या कोपरांखाली एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा वीस रुपयांची नोट धरून उभा असतो. "चाचा, पाव किलो साखर," असे तो तीनदा म्हणतो. चाचांचे लक्ष नसते. पंधरा मिनिटांनी साखर मिळते आणि घरी गेल्यावर उशीर केला म्हणून बोलणी बसतात ती वेगळीच.

त्या मुलाच्याच शेजारी बहुतेक वेळा एक मोलकरीण बाई असते. तिला दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहाची पुडी आणि अर्धा किलो तांदूळ हवा असतो. तिचा नंबर शेवटी लागतो, कारण तिची खरेदी लहान. दुकानदाराने यात काही गैर केले असे त्याला स्वतःलाही वाटत नाही. हात आपोआप मोठ्या यादीकडे वळतो. परंतु निव्वळ हिशोबाने पाहिले तरी हे शहाणपणाचे नाही. रोज चाळीस रुपयांचा माल नेणारी ही बाई महिन्याला बाराशे रुपयांची खरेदी करते आणि ती रोखीने. मोठ्या यादीचे गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येते, दोन वस्तूंचे भाव मॉलशी ताडून पाहते आणि पैसे पुढच्या पगारावर ढकलते. यातले धंद्याला धरून ठेवणारे गिऱ्हाईक कोणते, याचा विचार दुकानदारांनी शांतपणे करावा.

घुसणारा गिऱ्हाईक दोषी आहेच. पण आमचा मोठा आक्षेप दुकानदारावर आहे. काउंटरच्या दुकानात माल त्याच्या हाती, माप त्याच्या हाती, तेव्हा क्रमही त्याच्याच हाती असतो. "थांबा साहेब, या आपांचा नंबर आहे," एवढे एक वाक्य त्याने सलग चार दिवस म्हटले तर पाचव्या दिवशी साहेब स्वतःहून थांबतात. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने तो ते म्हणत नाही. जे गिऱ्हाईक न बोलता तुटते, ते त्याच्या गणतीतच नसते.

उधारीचा प्रश्न याहून नाजूक आहे. उधारी मागण्याचा दुकानदाराला पूर्ण हक्क आहे. त्याच्या मागे घाऊक व्यापारी उभा असतो आणि तो काही पुढच्या पगारापर्यंत थांबत नाही. पण दहा माणसांच्या देखत, वही आपटून, "मागचे सातशे कधी देणार?" असे विचारणे ही वसुली नव्हे. ज्याचा रोजगार गेला आहे किंवा ज्याच्या घरी आजारपण आहे, त्याला असे विचारले तर तो दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या गल्लीने जाऊ लागतो. म्हणजे इज्जत गेली आणि सातशेही गेले. हीच गोष्ट दुपारी दुकान रिकामे असताना बाजूला बोलावून सांगता येते. आठवड्याला शंभर अशी बोली करता येते.

आता दुसरी बाजू. काही घरे अडचणीच्या दिवसांत वर्षभर एका दुकानातून उधारीवर माल नेतात आणि हातात रोख पैसा आला की पिशव्या घेऊन मोठ्या मार्टात जातात. येताना त्या पिशव्या त्याच दुकानदाराच्या डोळ्यांसमोरून नेतात. रांगेत घुसणे, मालात हात घालणे, हुज्जत घालणे हे सारे या वागण्यापुढे क्षुल्लक आहे. स्वस्त मिळेल तेथून घेण्याचे स्वातंत्र्य सर्वांना आहे, पण आधी जुने खाते मिटवावे आणि मग कुठेही जावे. रोख एकाची आणि उधारी दुसऱ्याची, ही वाटणी आम्हाला कोणत्याही न्यायात बसताना दिसत नाही.

काही सवयी किरकोळ असल्या तरी नित्याच्या आहेत. उघड्या पोत्यात हात घालून शेंगदाणे तोंडात टाकणे, मनुके "बघणे", खजुराच्या पेटीतून एक-एक उचलून पाहणे. रमजानमध्ये तर काही लोक रोजा नसलेल्या मुलांना पुढे करून खजुराच्या चार जाती चाखवतात आणि शेवटी पाव किलो घेतात. चव पाहायची असेल तर दुकानदाराकडे मागावी. त्याने चमच्याने दोन दाणे हातावर द्यावेत. पोत्यातला माल पुढे पन्नास घरांत जाणार असतो, हे हात घालताना लक्षात राहत नाही.

छापील किमतीवरून होणारी हुज्जत ही दुसरी कटकट. पाकिटावरची किंमत ही कमाल किंमत असते. त्याहून कमी घेणे ही दुकानदाराची मर्जी, जास्त घेणे हा वैधमापन कायदा, २००९ आणि त्याखालील २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांचा भंग. म्हणून गिऱ्हाइकाने "काही कमी होईल का?" असे एकदा विचारावे आणि नाही म्हटल्यावर विषय सोडावा. दोन रुपयांसाठी मागच्या सहा जणांचा वेळ घेऊ नये. आणि दुकानदाराने शीतपेयावर "थंड करण्याचे" म्हणून वर दोन रुपये लावू नयेत. तो आकार कोणत्याही कायद्यात नाही.

वजनाच्या बाबतीत एक चमत्कारिक अदब आपल्याकडे रूढ झाली आहे. गिऱ्हाइकाने काट्यावरचा आकडा पाहायला मान पुढे केली की दुकानदाराचा चेहरा उतरतो, जणू त्याच्या इमानदारीवरच संशय घेतला. मापात मारू नये हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तो हुकूम त्यांना ठाऊक आहे. पण पाहू देण्यात कमीपणा कसला? जो माप पाहायला बोलावतो त्याच्याच दुकानी माप पाहण्याची गरज उरत नाही. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवावा, माल टाकण्यापूर्वी तो शून्यावर आहे हे दिसू द्यावे, डब्याचे किंवा खोक्याचे वजन मालात धरू नये. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी आणि मुद्रा दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते. ते प्रमाणपत्र कपाटात न ठेवता भिंतीवर लावावे. (जाता जाता: शेर, मण जाऊन मेट्रिक वजने आली त्याला साठ वर्षे उलटली, तरी आमच्या बाजारात "पावशेर" मागणाऱ्या आजी अजून आहेत आणि दुकानदार हसून पाव किलो देतो. हसावे, पण त्यांना दुरुस्त करीत बसू नये.)

सुट्या पैशांचा वाद जुनाच. दोन रुपये परत देण्याऐवजी चॉकलेट हातावर ठेवणे ही दुकानदाराची सक्तीची विक्रीच आहे. उलट बाजूने, पाच रुपयांच्या वस्तूला पाचशेची नोट काढणारे गिऱ्हाईकही सकाळी सकाळी दुकानदाराची बोहनी नासवते. दहा रुपयांचे नाणे "चालत नाही" असे सांगणारे दुकानदार अजूनही भेटतात. सर्व चौदा प्रकारची दहा रुपयांची नाणी चलनात आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले होते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून बंद झाली. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आल्यापासून हा वाद कमी झाला खरा, पण नवे वाद आले. फोन कानाला लावून, बोटानेच वस्तू दाखवून, दुकानदाराकडे न पाहता खरेदी करणारे लोक वाढले आहेत. समोर माणूस उभा आहे, सलाम नको पण निदान नजर तरी द्यावी!

मोठ्या दुकानांतील त्रास निराळा आहे आणि त्याचे कारणही निराळे आहे. गिऱ्हाइकाने स्वतः फिरून माल उचलावा ही पद्धत अमेरिकेत मेम्फिस शहरी क्लेरन्स साँडर्स याने १९१६ साली आपल्या 'पिगली विगली' दुकानात आणली. चाकांची ढकलगाडी त्यानंतर, १९३७ साली, ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने काढली. या पद्धतीत नोकर कमी लागतात, माल स्वस्त देता येतो. पण काउंटरमागचा माणूस गेला की शिस्त राखण्याचे त्याचे कामही गिऱ्हाइकाच्या अंगावर येते. आपल्याकडे मुंबईत अपना बाजारसारख्या सहकारी भांडारांनी आणि पुढे डी-मार्टसारख्या साखळी दुकानांनी अशी खरेदी लोकांच्या अंगवळणी पाडली. खरेदी अंगवळणी पडली. त्याबरोबर आलेले काम पडायचे आहे.

म्हणून दृश्य असे असते की गाडी वाटेच्या मधोमध आडवी, कुटुंब तिच्याभोवती उभे राहून सुट्टीचा बेत ठरवीत आहे, आणि पलीकडून एक म्हातारे गृहस्थ वाट मिळण्याची वाट पाहत आहेत. घरातील एकाला रिकाम्या गाडीसह पैशांच्या रांगेत उभे करून बाकीच्यांनी माल गोळा करीत राहायचे, ही युक्ती तर सर्वत्र चालते. मागच्याला वाटते पुढे एकच जण आहे. प्रत्यक्षात पुढे अख्खे घर असते. बिस्किटांचे पाकीट फोडून मुलाला द्यायचे आणि रिकामे वेष्टन फळीमागे सरकवायचे, याला चोरीच म्हणतात, दुसरा शब्द नाही. थंड कपाटातले लोणी किंवा पनीर घेऊन, मग मन बदलले म्हणून साबणाच्या फळीवर ठेवून जाणारे लोक अजाणतेपणी त्याहून वाईट करतात. ते लोणी वितळते, कोणी नोकर ते पुन्हा थंडीत ठेवतो आणि दुसऱ्या कुणाच्या घरी ते पोटात जाते. नको असलेली वस्तू गल्ल्यावरच्या मुलीच्या हाती द्यावी. एवढे केले तरी पुरे.

त्या मुलीविषयीही थोडे. दुकानांतील कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळी बसायला जागा द्यावी यासाठी केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायद्यात दुरुस्ती केली. बसण्याचा हक्क कायद्याने द्यावा लागतो, यावरून तिचे पाय किती तास उभे असतात याची कल्पना यावी. यंत्र बंद पडले, भावाची पट्टी वाचली गेली नाही, यात तिचा दोष नसतो. तिच्यावर ओरडून भाव कमी होत नाही.

मात्र या दुकानांची एक सवय आम्हाला मुळीच मान्य नाही. बिल करण्यापूर्वी मोबाइल नंबर मागायचा आणि तो सर्वांसमक्ष मोठ्याने सांगायला लावायचा. आमच्या भगिनींना, विशेषतः तरुण मुलींना, रांगेतील दहा अनोळखी पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात आपला नंबर सांगावा लागतो. नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही असे म्हणता येत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये तशी सूचना किरकोळ विक्रेत्यांना दिली आहे. स्पष्ट "नाही" म्हणावे. तरीही अडवले तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मोहल्ल्यातील दुकानदारांपुढे आमची एक सूचना आहे. २०२० च्या टाळेबंदीत प्रत्येक दुकानासमोर खडूची किंवा रंगाची वर्तुळे होती. त्या वर्तुळांत मजूर, मास्तर, शेठ, पोर सारे एकामागे एक उभे राहत होते आणि साखर मागणाऱ्या पोराचा नंबर आपोआप येत होता. रोगाच्या भीतीने का होईना, हे जमत होते. रोग ओसरला, वर्तुळे पुसली गेली आणि गर्दी पुन्हा गल्ल्यावर रेलली. लहान गाळ्यापुढे रांगेला जागा नसते, ही अडचण खरी आहे. पण बँकेत पूर्वी पितळी बिल्ले देत, तसे करायला काय हरकत आहे? पत्र्याचे पंचवीस तुकडे, त्यांवर एक ते पंचवीस आकडे, आणि दुकानाच्या चौकटीला एक खिळा. येणाऱ्याने बिल्ला उचलावा आणि सावलीत कुठेही उभे राहावे. रमजानचा शेवटचा आठवडा, शेवया-चारोळीची झुंबड, हीच त्याची पहिली परीक्षा ठरेल. ज्या दुकानदारांनी हे करून पाहिले त्यांनी आम्हाला अवश्य कळवावे. पहिला बिल्ला कोणी उचलला तेही लिहावे.