शरीरातील धातू आणि तीन दशकांची नोंदवही

फेब्रुवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या धुमश्चक्रीत अमेरिकेच्या काही रणगाड्यांवर व चिलखती वाहनांवर अमेरिकेच्याच सैन्याने चुकून मारा केला. तोफगोळे डिप्लिटेड युरेनियमचे होते. शिशापेक्षा सुमारे पावणेदोन पट घन असलेला हा धातू जाड पोलाद भेदतो आणि आघातासरशी पेट घेतो. त्याची सूक्ष्म धूळ होते. या वाहनांतील शंभराहून अधिक सैनिक बचावले. मात्र अनेकांच्या श्वासातून ही धूळ शरीरात गेली, तर काहींच्या स्नायूंत धातूचे कण रुतून बसले. ते सर्व काढायचे तर शस्त्रक्रियेचीच इजा अधिक होण्याचा धोका होता.

या सैनिकांसाठी १९९३ मध्ये बाल्टिमोर येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात आरोग्य पाहणी सुरू झाली. त्यांना दर दोन वर्षांनी तपासणीसाठी बोलावण्यात येते. लघवीतील युरेनियमचे प्रमाण मोजले जाते. मूत्रपिंड, हाडे, रक्त व प्रजननक्षमता यांच्या चाचण्या होतात. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ या समस्थानिकाचे प्रमाण ०.७२ टक्के असते, डिप्लिटेड युरेनियममध्ये ते बरेच कमी. त्यामुळे सापडलेले युरेनियम अन्नपाण्यातून आलेले की रणांगणातून, हेही ओळखता येते.

आजवरचे निष्कर्ष दोन टोकांच्या मतांना छेद देणारे आहेत. ज्यांच्या शरीरात कण आहेत, त्यांच्या लघवीत अनेक वर्षांनंतरही युरेनियमचे प्रमाण चढेच आढळते. तरीही मूत्रपिंडाचा विकार वा अन्य गंभीर आजार त्यामुळे जडल्याचे दिसलेले नाही. मात्र पाहणीतील सैनिकांची संख्या शंभराच्याही आत आहे. एवढ्या लहान गटावरून दुर्मीळ कर्करोगाची शक्यता निकालात काढता येत नाही. शिवाय हे सैनिक आता वृद्धत्वाकडे झुकत आहेत.

डिप्लिटेड युरेनियमला पर्याय म्हणून पुढे आलेल्या टंगस्टनचा अनुभव बोलका आहे. टंगस्टन, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूच्या गोळ्या उंदरांच्या स्नायूंत रोवल्या असता तेथे आक्रमक अर्बुदे उद्भवली, असे अमेरिकी लष्करी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. इराक व अफगाणिस्तानातील सुरुंगस्फोटांत जखमी झालेल्यांच्या शरीरात तर नाना धातूंचे तुकडे होते. त्यामुळे २००८ मध्ये बाल्टिमोर येथेच अशा तुकड्यांच्या देखरेखीसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले.

१९९१ च्या युद्धात सुमारे ३०० टन डिप्लिटेड युरेनियम वापरले गेले. बसरा परिसरातील रहिवाशांची मात्र अशी सातत्यपूर्ण नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे तेथील आजारांविषयी भीती व इन्कार हे दोन्ही पुराव्यावाचून बोलतात. २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने युक्रेनला हेच तोफगोळे देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हा वाद पुन्हा उफाळला. बाल्टिमोरचा धडा सरळ आहे. धातू निरुपद्रवी ठरो वा घातक, त्याचा निवाडा घोषणांनी होत नाही. त्यासाठी माणसे शोधून, त्यांना पुन:पुन्हा बोलावून, आयुष्यभर नोंद ठेवावी लागते. ही जबाबदारी शस्त्र वापरण्याच्या निर्णयाचाच भाग मानली गेली पाहिजे.